कंडक्टर रामटेके आणि मागची सीट

सुखदेव रामटेके कुठूनही उठले की दोनदा खटखट करतात. हातात जे असेल त्याने, समोर जे असेल त्यावर. चहा झाला की कपाने टेबलावर. दवाखान्यातून निघाले की बोटांनी डॉक्टरच्या स्टुलावर. मयतीहून परतताना कुणाचं लक्ष नाही असं पाहून छत्रीच्या टोकाने दगडावर. खट खट. मग पाय उचलतात. दोन टोले पडल्याशिवाय त्यांचा पाय जागचा हलत नाही, हे सानगडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

सारी नोकरी त्यांनी लाल गाडीवर कंडक्टर म्हणून काढली. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चाल. हा नियम अंगात इतका मुरला की गाडी सुटली तरी नियम सुटला नाही. शर्टाच्या खिशात टिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा असतो. टिकिटाची मशीन आली तेव्हाच चिमटे गेले. मग यांच्याकडे हा कुठून आला, ते मी एकदा विचारलं. "सापडला," म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

गाव त्यांना कंडक्टर म्हणतं, मी कंडक्टरकाका म्हणते, आणि ते मला 'बी.ए.' म्हणतात. माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण मी गावच्या वाचनालयात कामाला लागले त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कोनाची वं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं आणि कुणी विचारलं नसताना पुढे जोडलं, "बी.ए. झाले मी." आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझ्या आईने लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणे करून, रोपं लावून, मला शिकवलं. मी सांगणार, आजही सांगते. काका म्हणाले, "बरं झालं. मंग पेपर दे, बी.ए." झालं. तेच नाव पडलं.

जग त्यांच्या लेखी एक मोठी गाडी आहे. माणूस मरत नाही, उतरतो. "आमची मंडळी दोन स्टाप आधीच उतरली," असं ते बायकोबद्दल सांगतात, जणू ती पुढच्या चौकात पिशवी घेऊन उभी असेल. वाचनालयात कुणी पेपर वाचता वाचता डुलक्या घेऊ लागला की मला हाक येते, "बी.ए., ह्याले उठव, ह्याचा स्टाप निघून गेला." दाराशी कुणी घुटमळलं की, "मधात सरका जी, मागं सीट खाली हाये."

या खटखटीने एकदा लग्न लावलं आहे. त्यांच्याच नातलगाचं होतं, मी होते तिथे. नवरा-नवरी हार धरून उभे, पंचशील चालू, सगळे शांत. काका मागच्या खुर्चीत. त्यांना स्वयंपाक कुठवर आला ते बघायचं होतं. उठले, आणि चिमट्याने लोखंडी खुर्चीवर खट खट. नवरदेव आधीच घाबरलेला. त्याला वाटलं, इशारा झाला. घातला हार. नवरीने घातला, लोकांनी फुलं टाकली, बँडवाल्याने सुरू केलं. विधी सांगणारे पुस्तक धरून उभेच. नवरीचा बाप तणतणत आला तर काका म्हणाले, "गाडी सुटली ना जी, आता सिंगल मारून काय फायदा?"

तर असे हे काका. आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी धानाची कापणी चालू होती, वाचनालयात काळं कुत्रं नव्हतं. काका आले, बसले नाहीत, मोबाईल माझ्यासमोर धरला.

"बी.ए., हा मानूस कोन?"

मोठं सभागृह. शंभरेक पोरं-पोरी काळ्या कपड्यांत, गोरी, काळी, सावळी, चपट्या नाकाची, सगळ्या जगातून वेचून आणल्यासारखी. कुणाकडे व्हायोलिन, कुणाकडे पिपाणी, कुणाकडे माणसाएवढं वाद्य. त्यांच्यासमोर उंच पाटावर एक पिकल्या केसांचा माणूस हातात काडी घेऊन हवेत काहीतरी लिहीत होता.

"हा वाजवून तं काही नाही राहिला," काका म्हणाले.

"नाही."

"गाऊनही नाही राहिला."

"नाही."

"मंग ह्याले समोर काहून उभं केलं?"

खाली इंग्रजीत लिहिलं होतं ते मी वाचलं आणि कपाटातून जाडा शब्दकोश काढला. आमच्या वाचनालयातलं ते पुस्तक माझ्याशिवाय कुणी उचलत नाही. बोट ठेवून वाचून दाखवलं. "कंडक्टर. एक, बसमधला वाहक. दोन, वाद्यवृंदाचा संचालक. तीन, वीज वाहून नेणारा पदार्थ."

काकांनी टोपी काढली. "एकच शब्द?"

"एकच."

"मनजे हा आपल्या खात्यातला हाये."

"काका, तो संगीतातला..."

"पाय ना तू. बसमधी कंडक्टर काय करते? गाडी चालवत नाही. इंजीन त्याच्यावालं नाही. पन तो घंटी देत नाही तोवर गाडी हालन काय?" आणि ते पहिल्यांदा बसले. "लाव आणखी."

त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा वाजता वाचनालयात जगभराचा वाद्यवृंद वाजू लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माहिती वाचता येत होती. ही विशी-बाविशीच्या आतली पोरं दरवर्षी उन्हाळ्यात एका ठिकाणी जमतात. तीन आठवडे तालीम, मग गावोगाव कार्यक्रम. एकमेकांची भाषा येत नाही. कंडक्टर दरवर्षी निराळे. मी वाचायची, काका ऐकायचे, आणि शब्दकोशात नसलेले प्रश्न विचारायचे.

"ह्याची पब्लिककडं पाठ हाये. कंप्लेंट नाही होत?" मी विचार करतेय तोवर त्यांचं उत्तर तयार. "बरोबर हाये. कंडक्टरनं रस्त्याकडं पाठ अन् पाशिंजरकडं तोंड ठेवावं. रस्ता पायनं डायवरचं काम."

"मग यात ड्रायव्हर कोण?"

त्यांनी पुढच्या रांगेतल्या पहिल्या व्हायोलिनवालीवर बोट ठेवलं. "हे. येता-जाता तिच्याशीच हात मिळवते तो. डायवरशी बिघडवून कोनताच कंडक्टर ड्युटी नाही करू शकत."

मी नंतर शोधून वाचलं, आणि खरंच त्या पहिल्या व्हायोलिनवालीचा मान तसाच असतो. मला जरा रागच आला. पदवी माझ्याकडे, आणि बरोबर हे.

कंडक्टरांना त्यांनी आपल्या जुन्या लाइनींची नावं दिली. एक दांडगा, घामाने भिजणारा, काडी तलवारीसारखी मारणारा. तो 'नाकाडोंगरीवाला'. खाणीवरची पाळी सुटली की त्या लाइनला अशीच गर्दी असायची, तिथे असाच माणूस लागतो म्हणे. एक डोळे मिटून हात फिरवायचा. तो 'नॉनस्टाप'. "ह्याले मधातला स्टाप दिसतच नाही. म्हातारी हात दाखवून राहिली अन् हा गेला पुढं." आणि एक चष्मेवाली बाई होती, बारीक, केस पांढरे, तालमीत वाजवणं मधेच थांबवून एकेकाला काहीतरी विचारणारी. ती 'कोंढावाली'. कोंढ्याच्या लाइनला त्यांनी चार वर्षं काढली होती आणि प्रत्येक फाट्यावर कोण चढतं, कुणाच्या डोक्यावर काय ओझं असतं, हे त्यांना अजून पाठ होतं. "हे बाई टिकीट देते अन् तब्येतबी पुसते," ते म्हणायचे. मलाही तीच आवडायची. बाईमाणूस शंभर जणांना एका बोटावर चालवते, हे रोज सकाळी बघायला मिळालं तर कुणाला नको?

पण तक्रार सगळ्यांविषयी एकच. "मागच्या सीटकडं पायत नाही."

"बघतो की. आत्ताच बघितलं."

"पायलं नाही, नजर फिरवली. मी टिकीट मागून फाडत येत होतो. मागच्या सीटवर कोन बसते? ज्याले समोर कोनी जागा देत नाही तो. जो कंडक्टर मागच्या सीटपर्यंत जात नाही तो कंडक्टर नाही, बिनटिकीट पाशिंजर हाये."

कार्यक्रम संपला, टाळ्या सुरू झाल्या, की कंडक्टर एकेका गटाला हाताने उभं करतो. पिपाणीवाले उभे, नगारेवाला उभा. तिथे काका पुढे सरकायचे. आणि एका ठिकाणी व्हिडिओ थांबवायला लावायचे, जिथे कॅमेरा उजवीकडच्या शेवटच्या रांगेवरून सरकतो. तिथे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीसारखं वाद्य घेतलेली पोरं असतात. व्हायोला म्हणतात त्याला.

"मोठं कर."

मोठं केलं की नुसते चौकोन दिसायचे.

"काच पूस."

मी पुसायची. मला वाटायचं, वाद्य बघतायत.

पुढच्या दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले. आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि ज्या गावाला नाटक जमलं नाही ते ऑर्केस्ट्रा आणतं. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी, लाल-निळे लाइट आणि चमकीच्या कपड्यांत नाचणाऱ्या दोन पोरी. म्हातारे पहिल्या रांगेत मान खाली घालून बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत.

चहाच्या टपरीवर मी पेपरचा गठ्ठा घ्यायला थांबले होते. काका कप घेऊन बसलेले. कुणीतरी म्हणालं, "काय जी कंडक्टर, तुमी तं आता ऑर्केस्ट्राचे मानूस. यंदा नाचनाऱ्या फारेनच्या आनता काय?"

टपरी हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. आणि काका काय उलट मारतात म्हणून थांबले.

काकांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. उठले आणि चालू लागले. खटखट केली नाही.

मला ते खुपलं. पण विचारलं नाही.

मग मे महिन्यात, यंदाच्या वाद्यवृंदाची कंडक्टर चष्मेवाली बाई आहे, असं मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"बी.ए., एक अर्ज लिवाचा हाये. इंग्रजीत. कोंढावालीले."

मी कागद घेतला. इंग्रजी अर्ज म्हटला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

"लिव. मॅडमले जयभीम. मीबी कंडक्टर हावो. रिटायर. तुमची ड्युटी पायली, पसंत हाये."

"काका, असं चालत नाही."

"काहून? एका कंडक्टरनं दुसऱ्याले असंच लिवलं पायजे. पुढं लिव. आखरीले तुमी सगळ्याइले उभं करता. मागच्या सीटवाल्याइले घाईघाईत करता. तसं नोका करू. उजव्या हाताले, आखरी लाइन, भिताडाकडून दुसरी पोट्टी, दोन वेन्या घालते, सावळी हाये. तिले नीट उभी करा. दोन मिनिट."

माझा पेन थांबला. "तीच का?"

काका चिमटा काढून त्याच्याकडे बघत बसले.

"काका, तीच का?"

"नात हाये माही," ते म्हणाले. "सुजाता. आमच्या मंडळीचंच नाव ठेवलं पोरानं."

मुलगा इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला हे गावाला माहीत होतं. सून तिकडचीच, हेही. तो वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, फोन करतो, 'जयभीम बाबा, बरं आहे ना' म्हणतो आणि ठेवतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. आणि का, तेही.

"सा वर्सं झाले. पोरानं फोनवर सांगतलं, बाबा, सुजाताले ऑर्केस्ट्रात घेतलं. खुशीत होता. मी मनलं..." ते थांबले. "मी मनलं, आपल्या घरची पोट्टी ऑर्केस्ट्रात नाचन काय? ह्याच्यासाठी शिकवलं काय मी तुले? आणखी बोललो. मले ऑर्केस्ट्रा मनजे मंडईतला मालूम. अन् पोट्टी बाजूलेच होती, फोन मोठ्यानं लावला होता. तिले मराठी नाही समजत. पन 'ऑर्केस्ट्रा' समजलं, अन् माहा आवाज समजला."

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. काका ते जाईपर्यंत थांबले.

"मंग चार वर्सानं पोरानं एक व्हिडिओ धाडला. खाली काही लिवलं नाही. तोच घेऊन मी तुह्याकडं आलो होतो."

म्हणजे 'हा मानूस कोन' हा प्रश्न काडीवाल्याबद्दल नव्हताच. किंवा अर्धा होता. दोन वर्षं हा माणूस रोज अकरा वाजता येऊन, ज्या गोष्टीला शिवी दिली ती गोष्ट धडा घेतल्यासारखी शिकत होता. आणि मी काच पुसत होते.

मी स्पष्ट बोलणारी आहे, लोकांना आवडत नाही. मी तो कागद फाडला.

"चुकीच्या माणसाला लिहिताय तुम्ही. मॅडमला काय सांगता, पोरीला सांगा."

"तिले मराठी येत नाही. मले इंग्रजी येत नाही."

"मग मी काय पेपर घड्या घालायला बी.ए. झाले?"

काकांनी दुसरा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिव." आणि यावेळी हळू हळू सांगू लागले, मी इंग्रजीत उतरवत गेले.

"सुजाता, मी आजा. आमच्या जिल्ह्यात ऑर्केस्ट्रा मनजे दुसरीच चीज असते. ते आठवून मी नाही ते बोललो. चुकी माही होती, तुह्या बापाची नाही. मंग मी तुह्यावाला ऑर्केस्ट्रा शिकलो. दोन वर्सं लागले, डोकं जुन्या माडेलचं हाये. तू मागच्या सीटवर बसते. मागची सीट सगळ्यात जास्त उसळते, मले मालूम हाये. घट्ट धरून बस. आमच्याकडं दोन टोले मनजे चाल, सगळं ठीक हाये. मी दोन देऊन राहिलो."

"दोन टोले इंग्रजीत कसे लिहू?"

"लिवू नोको." त्यांनी कागद ओढला, चिमटा घातला आणि खाली, सहीच्या जागी, दोन भोकं पाडली.

आम्ही कागदाचा फोटो काढून मुलाच्या मोबाईलवर पाठवला. एक खूण आली. "सिंगल," काका म्हणाले. "थांबली." मग दुसरी आली. "डबल. निघाली." चौथ्या दिवशी दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

उत्तर आलं नाही.

जून गेला, जुलै गेला. काका येत होते, पेपर वाचत होते, मोबाईल खिशातच. मी एकदा म्हटलं, मुलाला फोन करून विचारू का? "नाही. टिकीट देल्ल्यावर पाशिंजरले सतावाचं नाही."

ऑगस्टमध्ये रोवणे आटपत आले असताना त्या वर्षीचा पहिला कार्यक्रम थेट दाखवणार होते. तिकडे सकाळचे अकरा, इकडे दुपारचे अडीच. वाचनालय एक ते चार बंद असतं आणि नियम मी कधी मोडत नाही. त्या दिवशी मागचं दार उघडं ठेवलं. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या. काका आले ते टोपी, स्वच्छ सदरा आणि पायांत बूट. बूट मी पहिल्यांदा पाहिले.

मधे दोनदा चित्र अडकून गोल फिरत राहिलं. काका श्वास धरून बसायचे. कोंढावालीने त्या दिवशी कसं वाजवून घेतलं ते मला सांगता येणार नाही. पण एका ठिकाणी सगळा हॉल गप्प झाला आणि फक्त उजवीकडच्या त्या शेवटच्या रांगा वाजू लागल्या, हळू, कुणी घरात एकटं गुणगुणावं तसं. बाई पाटावरून उजवीकडे वाकून तिकडेच बघत होत्या.

"पायलं," काका पुटपुटले. "पायलं तिनं मागं."

टाळ्या सुरू झाल्या. पिपाणीवाले उभे झाले, नगारेवाला झाला. मग बाईंनी उजवीकडे दोन्ही हात उचलले. व्हायोलावाली पोरं उभी झाली. भिंतीकडून दुसरी. दोन वेण्या. कॅमेरा यावेळी तिथे थोडा जास्त थांबला.

ही पोरं टाळ्या वाजवत नाहीत, हातात वाद्य असतं. कंडक्टरचा मान करायचा तर समोरच्या स्टँडवर वाद्याच्या गजाने टकटक करतात. सगळ्यांनी केली, पावसासारखी. मग सगळ्यांचे गज खाली आले. आणि मग ती दोन वेण्यांवाली खाली वाकली, आणि एकटीने, तिच्या स्टँडवर, दोनदा.

आवाज आला नाही. पण मी पुरावा असल्याशिवाय लिहीत नाही. नंतर मी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला आहे. सगळे थांबल्यावर. एकटी. दोनदा.

त्या वेळी मात्र मी काकांकडे बघितलं नाही. पडदा काळा झाला तरी ते बसून होते. चार वाजायला आले, मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. ते उठेनात. चिमटा त्यांच्या मांडीवर होता, हात त्याच्यावर होता, आणि हात चालत नव्हता.

"काका, चार वाजतात. लोक येतील."

त्यांनी चिमटा माझ्याकडे सरकवला.

"आज तू दे, बी.ए."

मी तो घेतला आणि लोखंडी कपाटावर दोनदा वाजवला. मग ते उठले.